बायनाबाईचा बेलभंडार

बायनाबाईचा स्वतःच्या सावलीवरसुद्धा विश्वास नाही, असं तलवाड्याकडच्या त्या गावात म्हणत, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. घराच्या पुढच्या खोलीत तिची पिठाची गिरणी होती. दळण ठेवून बाई वळली की ही मूठभर ज्वारी नाकाशी धरून हुंगणार, आणि कुणी डबे बदलू नयेत म्हणून झाकणावर खडूची खूण करणार. रविवारचा खंडोबाचा उपास मात्र तिनं पंचवीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. तिच्या संशयातून सुटलेला तो देव एकटाच.

नवरा राधाकिशन नेमका उलटा. तो गावचा वायरमन. माणसावर पटकन भरवसा टाकायचा, देवावर मुळीच नाही. लग्नानंतर बायकोला देव्हारा हवा होता, तर यानं स्वतः लेव्हल लावून फळी ठोकली, आत बारका बल्ब दिला आणि म्हणाला, हात जोडायचं काम तेवढं तुझं.

यंदा मंदिर कमिटीनं त्यालाच खंडोबाच्या देवळात कॅमेरा बसवायला सांगितला. झालं, गड्याला आयतंच निमित्त मिळालं. चहाच्या टपरीवर त्यानं कमिटीच्या रामहरीतात्यांना गाठलं.

“देव समदं बघतो म्हणता, मग कॅमेरा कावून?”

रामहरीतात्या जुने माळकरी, सहजासहजी हार जाणारे नव्हेत. देव म्हणजे चोर धरणारा हवालदार नव्हे, ते म्हणाले. कुणी बघत नसतानाही माणसाला जी लाज वाटते, तिलाच आम्ही देव म्हणतो.

“अन् देव न मानता ज्याला लाज वाटती, त्यो कोण म्हणायचा?” राधाकिशननं विचारलं. टपरीवर हशा पिकला. तिथं थांबला असता तर बरं झालं असतं. पण जाता जाता तो म्हणाला, मूर्तीचे चांदीचे डोळे काढून ठेवा बघू, देवाला दिसतं का ते कळेल.

चौथ्या दिवशी डोळे गेले.

कॅमेरा भिंतीवर होता, पण वायर जोडायची राहिली होती, आणि देवळाची किल्ली कामासाठी राधाकिशनकडे होती. गावाला आणखी काय हवं होतं? गिरणीवरचे डबे कमी झाले. ज्या बाया येत, त्या डबा ठेवून न बोलता जात. जन्मभर दुसऱ्यांवर संशय घेतलेल्या बायनाबाईला संशय कुठं टोचतो ते आता कळलं, आणि तिला मनापासून रडू आलं.

पण खरी पंचाईत वेगळीच होती. तिलाही नवऱ्याची खात्री वाटेना. तो अंघोळीला गेल्यावर तिनं त्याची अवजारांची पिशवी उपसली. पक्कड, टेस्टर, चिकटपट्टी; दुसरं काही नव्हतं. तरी मन निवेना. सापडलं नाही म्हणून नाहीच, असं कसं म्हणावं? देवाच्या बाबतीत ती त्याला नेहमी हेच ऐकवत आली होती.

रविवारी देवळापुढं गाव जमलं. किल्ली ज्यांच्या हाती लागली असेल त्या पाच जणांनी बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा हातात घेऊन आण घ्यायची असं ठरलं. खोटा बेलभंडार उचलणाऱ्याचा वंश बुडतो, ही तिथली समजूत. कमिटीतला बंकट सगळ्यांच्या आधी पुढं झाला आणि पाण्याचा तांब्या उचलावा तसा त्यानं बेलभंडार उचलला. त्याची ती घाई बायनाबाईला आवडली नाही. राधाकिशनची पाळी आली तेव्हा त्यानं हात मागं घेतले.

“डोळे मी नेले न्हाईत, हे हजारदा सांगतो. पण जे मी मानीतच न्हाई त्याची आण घेतली, तर तेच खोटं व्हईल.”

देव मानीत नाही तर पान उचलायला भितो कशाला, असं बंकटनं विचारलं, आणि ते पुष्कळांना पटलं. कुजबुज वाढली. टपरीवर वाद घालणारे रामहरीतात्या आज राधाकिशनची नजर चुकवत होते. शेवटी त्यांनीच तोड काढली: त्याच्या वतीनं घरच्या कुणी उचलावा. सगळे बायनाबाईकडे वळले.

लेक दिपाली बाळंतपणाला माहेरी आली होती. नवरा खोटा निघाला तर ही आण कुणाला बाधणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं. देवापुढं ती कधी खोटं बोलली नव्हती, आणि खरं काय ते तिला ठाऊक नव्हतं.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं मानेनंच नको म्हटलं. तिची नजर त्यानं मागं घेतलेल्या हातांवर गेली. मग पुढं झाली, बेलभंडार उचलला आणि आपल्या नवऱ्यानं डोळे नेले नाहीत, असं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. साडीवर सांडलेला भंडारा तिनं झटकला नाही.

घरात आल्यावर राधाकिशन भडकला.

“पिशवी उपसलेली मला कळत न्हाई व्हय? माझा भरवसा न्हाई तुला. मग लेकीला पणाला लावून उचललंस कशाच्या जिवावर?”

बायनाबाई खाली टेकली.

“तुमच्या लेखी ते नुस्तं झाडाचं पान. चोर असता तर उचलून कवाच मोकळे झाला असता,” ती म्हणाली. “तुमी उचललं न्हाई, म्हणून मी उचललं.”