न घेतलेला झेल

"धर गो," म्हणून भटजी वरच्या पायरीवरून हात सोडायचा आणि नारळाचं भकल, अर्धी वाटी, खाली यायचं.

खाली मी. फ्रॉकचा घोळ दोन्ही हातांनी पसरून. बाजूला माझा बापूस, गळ्यात ढोल, नजर जमिनीवर. देवाचं वाजप आमच्या घराचं, पण भकल आमच्या हातात द्यायचं नाही. हात लागला तर भटजीला परत आंघोळ. म्हणून वरून टाकायचं. कुत्र्याला टाकतात तसं, असंही म्हणता येत नाही. कुत्र्याला माणसं जवळ जाऊन टाकतात.

आणि ही शहाणी खूश. होय, मीच. एक भकल खाली पडू द्यायची नाही. उडी मारून झेलायची, वाकडी होऊन झेलायची. एकदा मागे सरकता सरकता तळपायात काटा मोडला, तरी झेल सोडला नाही. वरची मंडळी हसायची. "वाजंत्र्याचा चेडू बरा झेलता हां." चेडू म्हणजे मुलगी. मला वाटायचं, केवढं मोठं सर्टिफिकेट. घरी धावत येऊन आईला सांगायची. आई चुलीत फुंकर घालायची आणि डोळे पुसायची. धुरानं पुसते, असं मला वाटायचं. एवढी माझी अक्कल.

लग्न झालं ते त्याच गावात, पेडण्यातच. वाजंत्र्याची मुलगी वाजंत्र्याच्या घरी. पहिल्या जत्रेला सासूनं माझा झेल बघितला आणि म्हणाली, "सून बरी गावली." तेव्हाही फुगले. आता तर पदर होता. पदरात फ्रॉकपेक्षा जास्त मावतं.

मग बापूस गेला, नवरा गेला. मुलगा वास्कोला बंदरात कामाला लागला. जाताना म्हणाला, "आई, मी ढोल घेवचंय नाय." ढोल राहिला दीर बाबलीकडे आणि कासाळं आलं माझ्याकडे. कासाळं म्हणजे काशाची जड झांज. बाईनं ते वाजवायचं नसतं. पण वाजवायला पुरुष उरला नाही तेव्हा देवस्थानच्या कमिटीला बाईही चालली. आमचं घर देवस्थानच्या जमिनीत. वाजप आहे तोवर घर आहे, हे कुणी कधी बोललं नाही. बोलायची गरज पडली नाही.

रेवती माझी नात. वास्कोला वाढली. शेजारच्या म्हाताऱ्या सरांकडे व्हायोलिन शिकली, आणि शिकता शिकता पणजीच्या मोठ्या ऑर्केस्ट्रात जाऊन बसली. गेल्या वर्षी आमच्या देवळाचा वर्धापनदिन होता आणि कमिटीला हौस आली की गावात कधी झालं नाही असं काही करायचं. तोच ऑर्केस्ट्रा बोलावला. बरोबर परदेशातून पाहुणी व्हायोलिनवाली.

रेवतीचा फोन आला. "आजी, मी असणार त्यात. दुसऱ्या रांगेत. तू समोर कदेलीवर बसून ऐकायचं हां. उभी राहिलीस तर बोलणार नाही."

कदेल म्हणजे खुर्ची. तिनं पहिल्या रांगेचा पास पाठवला. मी तो देवापुढे ठेवला, उचलला, परत ठेवला. देवळाच्या प्राकारात मी कधी बसले नव्हते. कुणी अडवत नाही हो. कायदा आहे. कायदा पायऱ्या चढून वर गेला, आम्ही खाली राहिलो. नातीचं वाजवणं एकदा बसून ऐकायचं, एवढंच मागणं होतं. नवं लुगडं नेसले. आरशात बघितलं. म्हातारी बरी दिसत होती.

पायऱ्यांशी दत्ताभाऊ उभा होता. कमिटीचा खजिनदार. माझ्यापेक्षा वयानं पुष्कळ लहान. मी त्याला अहो-जाहो, तो मला गो.

"कासाळं खंय?" त्यानं विचारलं.

मी पास दाखवला. त्यानं उलटसुलट करून बघितला आणि परत दिला.

"पास बरो आसा. पण कदेली पाहुण्यांक. तुमी वाजंत्री थंयच खाली रवा. पाहुणे येताना वाजवा, सोपताना वाजवा. मदीं आयका. कान तर वर येतत मगे?"

बाजूचे हसले. मी काय केलं असेल? म्हटलं, "बरां, भाऊ." पास चोळीत खुपसला, घरी जाऊन कासाळं घेऊन आले. फ्रॉकवाली पोर मेली नव्हती. केस पिकवून आत बसली होती.

पाहुणी आली. आम्ही वाजवलं. देवळात यायचं म्हणून तिनं बूट काढले आणि गोऱ्या पायांनी पायऱ्या चढून गेली. वर भटजीनं तिच्या हातात फुलं दिली, नारळाचं भकल दिलं. हातात. तिची बोटं त्याच्या बोटांना लागली, मी खालून बघितलं. तिला कुणी विचारलं नाही, बाय, तू कुणाची. भटजी आंघोळीला गेला नाही. पहिल्या रांगेत जाऊन बसला.

मग सुरू झालं. आधी सगळ्यांनी मिळून एकच सूर धरला, मोहोळ हलवल्यासारखा. लोकांच्या खांद्यांमधून मला रेवतीचा गज दिसत होता. सगळे गज एकदम वर, एकदम खाली, लावणी करणाऱ्या बायकांसारखे. मग त्या पाहुणीचं एकटं व्हायोलिन निघालं. बारीक. ते दीपमाळेच्या टोकाला जाऊन बसलं आणि तिथून उतरेचना. माझे पाय दुखत होते ते विसरले. बाबलीच्या कानात म्हटलं, "बघ, आमचा चेडू." तो म्हणाला, "गप रव, आयकूक दी."

आणि एकाएकी सगळं थांबलं.

आता आमची रीत सांगते. उत्सवात पालखी बाहेर असेपर्यंत वाजप तुटता नये. भजनी मंडळी दम घ्यायला थांबली की आम्ही. कीर्तनकार पाणी प्यायला की आम्ही. बापसानं हे माझ्या हाडात भरलेलं. त्या दिवशी पालखी मंचाच्या बाजूलाच मांडलेली. वर शांत झालं, पालखी उघड्यावर, आणि माझ्या हातांनी मला विचारलं नाही. कासाळं कडकडलं. बाबलीनंही मागचापुढचा विचार न करता ढोलावर काठी घातली. चांगली लांब फिरवली मेल्यानं.

सगळ्या माना मागे वळल्या. त्यांच्या संगीतात मध्ये असं थांबतात, पुढचा भाग असतो, हे आम्हाला कोण सांगणार? कुणी हसलं, कुणी श्शू केलं. पाहुणी वळून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पण तिच्या चेहऱ्याचं मला काय करायचं होतं? मी रेवतीकडे बघत होते. तिच्या शेजारची मुलगी वाकून तिला काही विचारत होती. रेवतीनं नाही म्हणून मान हलवली आणि समोरच्या कागदात डोळे घातले.

दत्ताभाऊ खाली आला. म्हणजे शेवटच्या पायरीपर्यंत. तिच्याखाली तो उतरत नाही.

"अक्कल आसा काय गो? ही काय जत्रा? तुमची जात कितेंय करा, पायरीखालचीच."

हळूच बोलला. वरच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. पुढचं संगीत मी ऐकलंच नाही. रेवती नाही म्हणून मान हलवत होती, तेवढंच दिसत होतं.

संपल्यावर टाळ्या झाल्या. शाल पाहुणीच्या खांद्यावर घातली, चांगली चापून-चोपून. आम्ही शेवटचं वाजवलं. मग दत्ताभाऊ वरच्या पायरीवर पाव-भाजीच्या पुड्या घेऊन उभा राहिला. बाबलीनं पंचा पसरला. त्याची पुडी पंचात पडली. रेवती व्हायोलिनची पेटी घेऊन प्राकाराच्या कडेला आली होती. आता ती माझ्याकडे बघत होती.

"धर गो," दत्ताभाऊ म्हणाला.

पुडी सुटली. आयुष्यभराचा सराव. हात आपोआप पुढे निघाले होते. मी ते मागे घेतले आणि पाठीशी बांधले. पुडी पायरीवर आपटली, फुटली. नव्या पांढऱ्या टायलींवर पिवळी भाजी पसरली. पाव घरंगळत माझ्या पायाशी आला.

"हात मोडले काय तुझे?"

"नाय. आजपासून हातात देवचा. नायतर देवचाच नाय."

त्यानं आधी फुटलेल्या पुडीकडे बघितलं. मग म्हणाला, "घर खंय आसा तुझा, याद आसा मगे?"

बाबली माझा पदर ओढत होता. "वयनी, पुरो गो." मी पदर सोडवला. कासाळं हातात घेऊन पायऱ्या चढले, भाजी चुकवत. पहिल्या रांगेत गेले आणि एका कदेलीवर बसले. कामगार कदेली गोळा करत होते, तसेच थांबले.

रेवती जवळ आली. काळे कपडे, डोळे लाल. म्हणाली, "आजी, चल ना खाली. सगळे बघतायत."

खाली. तीसुद्धा खालीच म्हणाली.

"शेजारणीक काय सांगलंस?" मी विचारलं.

तिनं पेटीची कडी उघडली, परत लावली. मग म्हणाली, "ओळखत नाही म्हटलं."

मी तिला मारलं नाही, जवळही घेतलं नाही. तिच्या वयाची मी पदर पसरून नाचत होते, आणि माझ्याकडे व्हायोलिन नव्हतं. एवढाच फरक. बस हॉर्न वाजवत होती. म्हटलं, "जा. पुढच्या वेळेक मान वर करून सांग, माझी आजी ती." ती गेली. मागे वळून बघितलं की नाही, मी पाहिलं नाही.

कासाळं आता घरी खुंटीला आहे. बाबलीनं महिनाभर अबोला धरला, मग एक दिवस ढोल आणून त्याच खुंटीखाली ठेवला. रेवती फोन करते. 'माझी आजी ती', हे एक वाक्य तिनं अजून कुणाला सांगितलेलं नाही. मी दर वेळी विचारते.

जत्रा जवळ आली आहे. कमिटीचा निरोप आला, वाजपाला या. मी उलट निरोप धाडला, वर बोलवा, हातात द्या, मग येऊ. त्याला उत्तर आलं नाही. घराबद्दल मात्र आलं. घर मोडायला आले तर दारात कदेल टाकून बसणार आहे. आधी मला उचलावं लागेल, आणि त्यासाठी हात लावावा लागेल.

जत्रेला पालखी बाहेर निघेल. भजनी दम घ्यायला थांबतील. आणि कुणी वाजवणार नाही. ती शांतता ऐकायला मी जाणार आहे. नवं लुगडं नेसून, पायऱ्या चढून, पहिल्या रांगेत बसून.