पोलिसी कपाटाचा तपास

“ताई, थितंच थांबा. आत पाय टाकू नका.”

गयाबाईंनी मागून माझा पदर धरला होता. मी आमच्या गावच्या वाचनालयाची ग्रंथपाल. कुलूप मीच उघडलं, दार मीच ढकललं, आणि आत जायची बंदी मलाच. समोर पाहिलं तेव्हा माझे पायही उंबऱ्यातच थबकले. खिडकीजवळचं कपाट रिकामं होतं. बाकीची कपाटं जशीच्या तशी. कथा, कादंबऱ्या, चरित्रं, सगळं जागच्या जागी. गेलं होतं ते फक्त पोलिसी कपाट.

आमचं गाव तिसगावच्या पुढे, फाट्यावरून आत. ‘पोलिसी कपाट’ हे वाचकांनी ठेवलेलं नाव. माझ्या कागदोपत्री ते ‘सत्य गुन्हेकथा’ आहे. म्हणजे खरोखर घडलेल्या गुन्ह्यांवरची पुस्तकं. निवृत्त अधिकाऱ्यांनी लिहिलेले तपास, वार्ताहरांनी लिहिलेले खटले, वकिलांच्या आठवणी. वाचकांनी पुस्तकं नेणं-आणणं याला आमच्या धंद्यात ‘देवघेव’ म्हणतात. आमची निम्मी देवघेव या एका कपाटावर चालते. उरलेली स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांवर. वैचारिक साहित्याला मी स्वतः अधूनमधून झटकते, तेवढीच त्याची हालचाल.

आणि नेमकी त्याच दिवशी आमची तपासणी होती. सार्वजनिक वाचनालयांना सरकार वर्ग देतं. अ, ब, क, ड. आम्ही ‘क’. दर तपासणीला पुस्तकं किती, वाचक किती, पेपर येतात का, हे पाहिलं जातं. कमी भरलं की वर्ग घसरतो. आमच्या खाली फक्त ‘ड’ आहे. त्याच्या खाली टाळं.

वाचनालयाचे अध्यक्ष नाना. निवृत्त हेडमास्तर. वाचनालय उभं राहिलं ते त्यांच्यामुळेच, हे मी आधीच सांगून टाकते. गावातली मुलं अजूनही त्यांना पाहून शर्ट खोचतात. तपासणीचं पत्र आलं तेव्हा ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

“निरीक्षक मॅडमना ते कपाट दिसता कामा नये.”

“नाना, लोक तेच वाचतात.”

“म्हणूनच म्हणतो. खून, दरोडे, फसवणूक. बाहेरच्या माणसाला वाटेल, आम्ही इथं वाचक तयार करतोय की आरोपी.”

“कपाट हलवलं तर सकाळची निम्मी माणसं यायची बंद होतील.”

“दुसरं काही वाचतील. एवढी तपासणी होऊ दे, मग समितीत ठराव घेऊन ते कपाट कायमचंच बंद करू.”

नाना ठराव म्हणाले की ठराव होतो. तेव्हापासून मला झोप नव्हती. कपाटाची काळजी होतीच, पण खरी काळजी गयाबाईंची होती.

गयाबाई म्हणजे आमच्या पहिल्या नंबरच्या वाचक. बरीच वर्षं ऊसतोडीला जायच्या. गुडघे गेले तेव्हा कोयता सुटला, मग नातीच्या पाटीवर अक्षरं गिरवून वाचायला शिकल्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा मी त्यांना एक घरगुती कादंबरी दिली. दुसऱ्या दिवशी परत.

“ह्यात समदी रडत्यात,” त्या म्हणाल्या. “आमच्या घरी काय कमी रडलोय व्हय आमी?”

मग मी त्यांना एका अधिकाऱ्याच्या तपासाच्या आठवणी दिल्या. त्या पुस्तकाला आठवडा लागला. एकेका ओळीवर बोट ठेवून वाचलेलं होतं. परत करताना त्यांनी ते लगेच सोडलं नाही.

“ताई, आमी तोडीला जायचो ना, तवा मागं घर फोडायचे. एका साली भांडी नेली. एका साली जावंकडं ठिवलेल्या दोन शेळ्या नेल्या. सांगाय गेलं की म्हनायचे, बघू. ह्या पुस्तकातला साहेब बघू म्हनत न्हाई. त्यो खरंच बघतो.”

तोवर माझाही समज होता की लोक ही पुस्तकं रक्तासाठी, थरारासाठी वाचतात. तसेही वाचतात, नाही असं नाही. पण त्या दिवशी मला वेगळंच कळलं आणि मी आतून हलले. कुणाचं तरी काही गेलं, ते दुसऱ्या कुणाला तरी महत्त्वाचं वाटलं, आणि लागेपर्यंत तो शोधत राहिला. गयाबाईंच्या वाट्याला हे कधी आलं नव्हतं. ते आमच्या त्या कपाटात होतं.

तर आता ते कपाट रिकामं, आणि उंबऱ्यात आम्ही दोघी.

एवढ्यात कंडक्टर आले. हे एसटीतून निवृत्त झालेले, पण गावात त्यांना अजून कंडक्टरच म्हणतात. पोलिसी पुस्तकांसाठी त्यांची आणि गयाबाईंची रोजची चढाओढ. नवं पुस्तक आलं की आधी कोण, यावरून दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. रिकामं कपाट पाहिलं आणि ते बोलणं आपोआप सुरू झालं.

“कुलूप?” त्यांनी विचारलं.

“हाय तसं हाय,” गयाबाई म्हणाल्या.

“म्हंजी चावीवाला.”

चाव्या दोनच. एक माझ्या कमरेला, दुसरी नानांकडे. मला जे कळायचं ते त्याच क्षणी कळलं. पण मी गप्प बसले. एक तर अध्यक्षांचं नाव घ्यायचं, तेही तपासणीच्या दिवशी. आणि दुसरं म्हणजे, खरं सांगते, मला मजा वाटायला लागली होती.

आमच्याकडे उन्हाळ्यात सांजेला वारं सुटतं. खिडकीची एक काच फुटकी आहे. मी संध्याकाळी कितीही झाडून गेले तरी सकाळी फरशीवर मातीचा थर असतो. त्या थरात दारापासून कपाटापर्यंत पावलं उमटली होती. जायची आणि यायची, पुष्कळ फेऱ्यांची. आणि अनवाणी नव्हे. चपलेची.

इथं थोडं सांगायला हवं. आमच्या वाचनालयात चप्पल बाहेर काढायची असा कडक नियम आहे. नानांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात पाटी लिहून दारावर लावली आहे. सरपंचसुद्धा अनवाणी येतात. आत चपलेचा ठसा म्हणजे आमच्याकडे चोरीपेक्षा मोठी गोष्ट.

“ह्यो परका असनार,” कंडक्टर म्हणाले.

गयाबाई खाली वाकून ठसा न्याहाळत होत्या. टाचेला बारीक बारीक ठिपके होते. “घमेली आना,” त्या म्हणाल्या.

पावलाचा ठसा वाऱ्यानं जाऊ नये म्हणून त्यावर घमेलं पालथं घालायचं, ही आमच्या भागातली जुनी रीत. जनावर चोरीला गेलं की माग काढणारी माणसं तसंच करायची. कंडक्टरांनी शेजारच्या बांधकामावरून घमेली आणली. गयाबाईंनी शेळीचं दावं आणून दारापासून पेपरच्या टेबलापर्यंत बांधलं. बातमी गावभर झाली. पेपर वाचणारे आले, परीक्षेची मुलं-मुली आली, दळण टाकून बायका आल्या. सगळे चपला काढून, दाव्याच्या अलीकडे, भिंतीला चिकटून उभे. आमच्या वाचनालयात मी एवढी माणसं कधी पाहिली नव्हती.

कपाटाच्या खालच्या खणात गयाबाईंना पिवळसर भुगा सापडला. त्यांनी बोटावर घेऊन वास घेतला.

“सरकी पेंड. पुस्तकं पेंडीच्या पोत्यातनं नेली.”

“पेंड तर निम्म्या गावाकडं हाय,” कंडक्टर म्हणाले.

“म्हनून तर नाव घ्यायचं न्हाई अजून.”

तेवढ्यात नाना आले. धुवट पांढरे कपडे, हातात हार. पायात नगरच्या डॉक्टरांनी गुडघ्यासाठी दिलेली मऊ चप्पल, गावात एकमेव. अंगणातून ते पायरीपर्यंत चालत आले आणि मागं मातीत ठिपक्यांची रांग उमटत आली. सगळे ती रांग बघत होते.

“काय चाललंय हे? आता मॅडम येतील,” नाना म्हणाले.

“चोरी झालीय, नाना,” कंडक्टर म्हणाले. “चप्पल भाएर काढा आन भिंतीकडनं या. मधी ठसे हायेत.”

नानांनी चप्पल काढली. घमेल्यांची रांग पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मी कॅलेंडरकडे पाहिलं.

आणि निरीक्षक मॅडम आल्या, सांगितलेल्या वेळेच्या आधी. दारात दावं, फरशीवर घमेली, भिंतीला अर्धं गाव. त्यांनी चष्मा वर केला.

“ग्रंथपाल कोण?”

“मी.”

“हे वाचक आहेत?”

“हो मॅडम. सगळे.”

त्याही चप्पल काढून भिंतीकडेनं आत आल्या. काय झालं ते मी थोडक्यात सांगितलं. त्यांनी फॉर्म काढला.

“पोलिसांत तक्रार दिलीत?”

“तक्रार कशाला,” नाना घाईनं म्हणाले. “किरकोळ पुस्तकं होती. पोलिसांच्या गोष्टी. आम्ही ती बंदच करणार आहोत.”

“किरकोळ असोत नाहीतर भारी, पुस्तक ते पुस्तक. चोरी असेल तर तक्रारीची प्रत लागेल. नाहीतर मला ही सगळी ‘गहाळ’ लिहावी लागतील. एवढी गहाळ झाली तर तुमचा आकडा भरत नाही. ‘क’ वर्ग राहणार नाही.”

‘गहाळ’ म्हणजे नोंद आहे पण पुस्तक हजर नाही. वाचनालयाला याच्याइतका वाईट शब्द नाही. नानांच्या हातातला हार खाली आला. हे गणित त्यांनी केलंच नव्हतं.

“तक्रार देऊ की,” कंडक्टर उत्साहात म्हणाले. “ठसे हायेत, पेंड हाय, पंच म्हनून आमी दोघं हावोत. चला तिसगावला.”

नाना खुर्चीवर बसले. त्यांच्याकडे बघून मला वाईट वाटलं. या माणसानं एकेकाळी दारोदार फिरून ही पुस्तकं जमवली होती.

“पुस्तकं माझ्या गोठ्यात आहेत,” ते म्हणाले. “मी नेली. पहाटे. विंचवाच्या भीतीनं चप्पल काढली नाही.”

कुणी हसलं नाही. गयाबाईंनी शांतपणे विचारलं, “मंग घमेली उचलू का, ताई?”

तेव्हा मात्र सगळे हसले. आधी कंडक्टर, मग भिंतीकडची माणसं, मग मॅडम. शेवटी नानाही.

“मला वाटलं, असली पुस्तकं तुम्हाला आवडणार नाहीत,” नाना मॅडमना म्हणाले.

“माझ्या आवडीसाठी फॉर्ममध्ये रकाना नाही,” मॅडम म्हणाल्या. “वाचकांसाठी आहे. आणि सकाळी एवढे वाचक मी दुसऱ्या कुठल्या वाचनालयात पाहिले नाहीत. पुस्तकं आणा, मी थांबते.”

मग वरातच निघाली. गोठ्यात पोचलो तर पोती व्यवस्थित रचलेली, पण एकाचं तोंड सुटलेलं. शेजारी गव्हाणीच्या कडेवर काकू बसलेल्या. नानांच्या मंडळी. म्हैस धार काढायची म्हणून ओरडत होती आणि काकूंचं लक्ष पुस्तकात.

“अगं, दे ते इकडं. मॅडम खोळंबल्यात,” नाना म्हणाले.

“थांबा वाईच,” काकू मान वर न करता म्हणाल्या. “साहेबानं धरलाय त्याला, पन कबूल होईना अजून.”

“चोर कोण ते आधीपासून माहीत आहे ना? मग काय राहिलं त्यात?”

“तसं कसं? त्याच्या तोंडनं आलं पायजे.”

यावर बोलण्यासारखी नानांची परिस्थिती नव्हती. ते पुस्तक आम्ही काकूंकडेच ठेवलं. मी तिथंच त्यांना सभासद करून घेतलं आणि पुस्तक देवघेवीत दाखवलं, म्हणजे ते गहाळही राहिलं नाही. बाकीची पोती बायकांनी डोक्यावर घेतली. मॅडमनी दुपारपर्यंत बसून एकेक पुस्तक मोजलं. पानापानातून पेंड गळत होती.

वर्ग राहिला. ठरावाचा विषय समितीपुढं आलाच नाही. पुढच्या खरेदीच्या वेळी नानांनी स्वतः मला विचारलं, “त्या कपाटासाठी या वेळी काय घेताय? घरात विचारणा होतेय.” मला इतका आनंद झाला की मी त्यांना तिथंच चहा पाजला.

तपासणीच्या संध्याकाळी गयाबाई कपाट लावायला थांबल्या होत्या. पुस्तकं फडक्यानं पुसून एकेक हातात देत होत्या.

“तुम्हाला कधी कळलं?” मी विचारलं.

“पयल्या ठशालाच. तसली चप्पल दुसरी कुनाकडं हाय? तुमाला बी कळलं हुतं. कुलूप तुटलं न्हाई म्हनल्यावर तुमी हसल्या.”

“मग बोलला का नाहीत?”

त्यांनी हातातलं पुस्तक जरा जास्तच वेळ पुसलं.

“माझ्या शेळ्या गेल्या ना ताई, तवा गावानं घटकाभरात समद्यांची नावं घेतली. माझ्या दिराचं बी घेतलं. त्यो अजून माझ्या दारात येत न्हाई. खरं कुनीच शोधलं न्हाई. नाव घ्यायला काय लागतं? शोधायला माणूस लागतो.”

मी ते पुस्तक त्यांच्या हातातून घेतलं आणि जागेवर ठेवलं. डोळ्यांत आलेलं पाणी पेंडीच्या धुळीच्या नावावर घातलं.

बाकी धंद्यातला म्हणून एक सल्ला देते. वाचनालयातली पुस्तकं कुणाला लपवायची असतील तर पोती, गोठा, पहाटेच्या फेऱ्या असले उपद्व्याप करू नयेत. सरळ उचलावीत आणि वैचारिक साहित्याच्या कपाटात ठेवावीत. वर्षानुवर्षं सुरक्षित राहतील.