सरांचं आफ्रिकेवरचं व्याख्यान

रविवार, १२ ऑक्टोबर. स्थळ: मारुतीच्या देवळापुढचा सभामंडप. हजर: व्याख्याते सर, त्यांच्या पत्नी आणि सून, वाचनालयाचे अध्यक्ष, सचिव म्हणून मी, शाळेतले शिक्षक, सरांचे जुने विद्यार्थी, त्यातले निम्मे दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारे, सतरंजीवर बायका, प्रमुख पाहुणे, उशिरा. माणसं नव्हती म्हणून कार्यक्रम फसला असं कुणी म्हणू नये, म्हणून यादी आधी दिली.

गावात माझं वह्या-पुस्तकांचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. वाचनालयाचं काम त्याच्या जोडीनं बघते. सर आमच्या शाळेत इतिहास शिकवायचे. अध्यक्ष आणि मी त्यांच्या हाताखालून एकाच वर्गातून गेलो. गावात मुसलमानांची घरं थोडी, त्यातलं एक सरांचं. मध्ययुगाचा धडा आला की दर वर्षी कुणीतरी विचारायचंच, "सर, इस्लाम तलवारीनं पसरला ना?" सर खडू खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "पुढचं पान काढा." आम्ही पुढचं पान काढायचो.

यंदा पावसाळ्यात सरांच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, असं मोठ्या दवाखान्यात सांगितलं. ऑपरेशनची तारीख ठरली त्याच आठवड्यात सर दुकानात आले. आवाज आधीच घोगरा झाला होता.

"तुझ्या वाचनालयात मला एक तास दे. एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय."

"कुठल्या, सर?"

"पुढचं पान काढा म्हणायचो, त्या."

विषय त्यांनी ठरवून आणला होता: आफ्रिकेत इस्लाम कसा पसरला. मी विचारलं, आफ्रिका कशाला? तर म्हणाले, "इथलं बोलाया लागलं की ऐकणारा आधीच बाजू धरून बसतो. आफ्रिकेत आपल्या कुनाचंच काही अडकलेलं न्हाई. तिथलं नीट ऐकलं, तर इथलं इचारतील. इचारू द्या."

मग काउंटरपाशी स्टुलावर बसून त्यांनी मला सगळा आराखडा सांगितला. उत्तरेकडं, मिसरच्या म्हणजे इजिप्तच्या बाजूनं, फौजा आल्या. ते लपवायचं नाही. पण फौजेनं राज्य बदललं. तिथल्या लोकांचा धर्म बदलायला पुढं कित्येक पिढ्या गेल्या. वाळवंटाच्या पलीकडं आधी पोचले ते उंटांवरचे व्यापारी, मीठ द्यायला आणि सोनं न्यायला. परक्या मुलखात सौदा करायचा तर दोघांना एकच शपथ, एकच कायदा, एकच लिपी असलेली बरी. राजांना लिहिणारी माणसं हवी होती, म्हणून दरबारानं तो धर्म आधी घेतला. शेतात राबणारे मात्र पुढं शेकडो वर्षं आपलेच देव पुजत राहिले. पूर्वेच्या किनाऱ्यावर वाऱ्याच्या भरवशावर गलबतं यायची, वारा फिरेपर्यंत थांबायची. थांबलेल्यांनी तिथंच लग्नं केली, पोरांची बोली मिसळली. आणि त्याच वाटांवर माणसंही विकली गेली. दख्खनच्या फौजांतले हबशी त्याच समुद्रावरून इकडं आले.

"हेबी सांगनार," सर म्हणाले. "अर्धंच सांगायचं असंल तर तोंड उघडू नये."

मी म्हटलं, लिहून द्या, मी छापते.

"न्हाई. छापलं की त्यातल्या दोन ओळी कापून कुनीबी फोनवर फिरवतंय. मला समोर बसून इचारनारं मानूस पायजे."

मी वेळा लावल्या. पाचला व्याख्यान, एक तास. नंतर अर्धा तास प्रश्न. सत्कार एकच, वाचनालयाचा. सातच्या हरिपाठाआधी मंडप मोकळा. सरांनी आपल्या बाजूनं व्याख्यानाआधीचा आठवडाभर बोलणं बंद केलं. मिठाच्या गुळण्या, गरम पाणी, आणि चूप. त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, "चहा पायजे तर वाटी वाजवतेत. लग्न झाल्यापासनं इतकी शांती न्हवती बाई घरात." हसल्या आणि पदरानं डोळे पुसले.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी अध्यक्ष दुकानात आले. "ताई, भाऊंना बोलवावं लागंल."

"का म्हणून?"

"मंडपावरचा पत्रा भाऊंच्या निधीतला हाय."

भाऊ म्हणजे आमच्या भागातले पुढारी. मी पाहुण्यांच्या यादीत त्यांचं नाव लिहिलं.

"आन् बॅनरवर नाव जरा बदललंय," अध्यक्ष म्हणाले. "लोक उगाच बिचकतेत. सरांचा भव्य नागरी सत्कार, असं टाकलंय. सत्काराला कोन न्हाई म्हनतंय?"

"मग व्याख्यान?"

"खाली हाय की."

खाली होतं. बारीक अक्षरात: "व आफ्रिका खंडाविषयी दोन शब्द." वर भाऊंचा फोटो सरांच्या फोटोपेक्षा मोठा होता. दुसरा बॅनर छापायला वेळ नव्हता.

रविवारी पाचला सगळे जागेवर होते, भाऊ सोडून. भाऊंशिवाय सुरू करायचं नाही, असं अध्यक्षांनी बजावलं होतं. भाऊ सहाच्या सुमारास आले. दीपप्रज्वलन झालं, प्रास्ताविक झालं. भाऊ बोलायला उठले आणि तेवढ्यात मशिदीत अजान सुरू झाली. भाऊंनी हात वर करून स्वतःचं भाषण थांबवलं. अजान संपल्यावर त्या थांबण्याला टाळ्या पडल्या. "ऐक्य बघायचं असंल तर आमच्या या गावात या," असं म्हणून त्यांनी सरांना शाल पांघरली आणि पुढच्या गावचं उद्घाटन आहे म्हणून निघाले. पुढच्या रांगा त्यांना गाडीपर्यंत पोचवायला उठल्या. त्यातले काही परत आले.

मग हार. दूध डेअरीचा, पतसंस्थेचा, गणेश मंडळाचा, शिक्षकांचा, आणि दहावीच्या एकेका तुकडीचा वेगळा. कुणी कुणाला सांगून आणला नव्हता. मी डेअरीच्या चेअरमनना बाजूला घेऊन म्हटलं, "हार टेबलावर ठेवा, व्याख्यान झाल्यावर घालू."

"व्वा ताई! मंग टेबलाचाच सत्कार करू का?" ते म्हणाले. सगळे हसले, मागची रांग पुढं सरकली.

प्रत्येक हारामागं फोटो आणि प्रत्येक फोटोमागं दोन शब्द. सरांनी मारलं म्हणून माणूस झालो. सरांनी घरी ठेवून घेतलं, जेवू घातलं, म्हणून पास झालो. एकाला बोलता बोलता रडू फुटलं. सगळं खरं होतं. मी खालून घड्याळ दाखवत होते, आणि अध्यक्ष माझ्याकडं बघून मान डोलावत होते, कार्यक्रम किती रंगलाय अशी.

माइक सरांकडं आला तेव्हा हार हनुवटीपर्यंत आले होते. ते एकेक काढून सुनेच्या हातात देण्यातही वेळ गेला.

"मीठ," सर म्हणाले. आवाज खरखरीत, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "मीठ कुठनं येतं?"

"दुकानातनं!" मागून कुणीतरी ओरडलं. मंडप हसला. सरही हसले. वर्गात हसायचे तसे.

"आन् दुकानात कुठनं येतं?"

पायऱ्यांपाशी हरिपाठाची मंडळी चपला काढत होती. टाळ हातात घेऊन ती कडेला उभी राहिली. विणेकरी बुवांनी खूण केली, चालू द्या. सरांनी त्यांच्याकडं पाहिलं, समोर पाहिलं. मग म्हणाले, "देवाची वेळ झाली. थांबतो. सगळ्यांचे आभार."

त्या संध्याकाळचा सगळ्यात मोठा टाळ्यांचा कडकडाट तो. लोक पाया पडायला धावले. "लई ग्वाड बोलले सर," माझ्या शेजारची म्हातारी म्हणाली.

मी अध्यक्षांना गाठलं. "उद्या सकाळी माझ्या दुकानापुढं घेऊ. दहा माणसं आली तरी चालतील."

"ताई, एवढं झाल्यावर उद्या कोन येतंय? आन् सकाळी सरांची गाडी हाय दवाखान्याची."

सर घरी परतले तेव्हा ऊसतोडीच्या गाड्या केव्हाच गेल्या होत्या. डिसेंबरात अध्यक्ष आणि मी त्यांना भेटायला गेलो. गळ्याला पुढं छिद्र, त्यावर जाळीचं कापड. पत्नीनं चहा ठेवला. अध्यक्षांनी फोटोंचा अल्बम आणला होता, सरांनी तो पानं न चुकवता पाहिला. मग अध्यक्ष खुर्ची जवळ ओढून बसले.

"सर, मी त्या दिवशी इचारनार होतो. आफ्रिकेचं ऱ्हाऊ द्या. आपल्या इथं इस्लाम कसा आला हो? तुमच्याच घरात कसा आला?"

थट्टा नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. सरांचा चेहरा उजळला, ते सावरून बसले आणि सवयीनं तोंड उघडलं. ओठ हलले. गळ्यावरचं कापड नुसतं आतबाहेर झालं.

अध्यक्ष भिंतीकडं बघायला लागले. "ऱ्हाऊ द्या सर. आराम करा."

मी वही-पेन पुढं केलं. सरांनी नाही अशी मान हलवली आणि ते परत माझ्या हातात दिलं.

बाहेर आल्यावर अध्यक्ष म्हणाले की पुढच्या वर्षी सरांचा याहून मोठा सत्कार करू. मी म्हटलं, व्याख्यान करू. "करा की," ते म्हणाले, "कोन न्हाई म्हनलंय?"

बीडच्या एका प्राध्यापकांना फोन केला. विषय चांगला आहे, सध्या नको, म्हणाले. दुसऱ्यांनी तारीख लगेच दिली, पण आफ्रिकेऐवजी ताणतणावमुक्त जीवनावर बोलतो म्हणाले. तिसऱ्यांचा नंबर मिळाला आहे. फोन करायचा राहिला आहे.