अण्णांनी आज पहिल्यांदाच विचारलं

मित्रांनो, दुपारपासून काही सुचत नाय.

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या दुकानात माझे वडील, अण्णा, हातानं चामड्याच्या बॅगा शिवतात. आधी आरीनं भोकं पाडायची, मग मेण लावलेला दोरा ओवायचा. आज त्यांना आखलेली रेघ दिसलीच नाय. भोकं भलतीकडं गेली अन् तशीच शिवण मारली. कापड असतं तर उसवून परत शिवलं असतं. चामड्यातलं भोक बुजत नाय.

अण्णांनी शिवणीवरून अंगठा फिरवला. "सरळ हाय का रे?"

उभ्या जन्मात त्यांनी हे कुणाला विचारलं नव्हतं.

"व्हय," मी म्हणालो.

ते खुश झाले, लगेच दुसरं चामडं ओढून बसले.

आता त्यांच्या हातातली आरी कोणत्या तोंडानं मागू?