विमानाची उजवी बाजू

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, विमानाला उजवी बाजूही असते. ही बाब मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी, खांदा कॉलनीतल्या राहत्या घरी, तीन साक्षीदारांसमोर समजली. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं.

माझा उद्योग असा. कॉम्प्युटरवर विमान उडवायचा एक खेळ असतो, त्याला सिम्युलेटर म्हणतात. त्यातली विमानं कोरी पांढरी मिळतात आणि माझ्यासारखे रिकामटेकडे त्यांना खऱ्या कंपन्यांचे रंग चढवतात. शेपटीवरचं चिन्ह, पट्टे, नाव, सगळं. शिंप्याने बेतलेलं कापड पसरावं तसं विमान पडद्यावर सपाट पसरलेलं असतं, त्यावर रंगवायचं. दारंसुद्धा रंगवायची. दार म्हणजे चार बारीक करड्या रेषा. रेषा काढल्या तर दार आहे, नाही काढल्या तर नाही. घरात माझा शब्द चालतो अशी ही एकमेव जागा.

जागा म्हणजे काच लावून बंद केलेली गॅलरी. तिथे कळंबोलीच्या भंगारातून आणलेली ट्रकची सीट मी जमिनीला नटबोल्टने पक्की केली आहे. समोर तीन पडदे, डोक्यावर वाळत घातलेले कपडे. आत शिरताना आधी डावा पाय, मग पोट, मग श्वास सोडून उरलेला मी. मागे कोणी स्टूल टाकून बसलं की माझी सुटका त्याच्या मर्जीवर.

तर, आमच्या खालच्या मजल्यावर एक चाचा राहतात. त्यांनी बावीस वर्षं आखातातल्या एका विमानतळावर सामान चढवायचं काम केलं. ती विमान कंपनी आता बंद पडली. माझा उद्योग कळल्यावर त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"भाऊ, आमचं विमान करता येईल का हो? तुमच्या चाचीला दाखवायचंय. बावीस वर्षं मी कुठे उभा होतो ते तिनं कधी बघितलंच नाही. कामावर कॅमेरा न्यायला बंदी होती, त्यामुळे फोटोही नाही."

मी छातीवर हात ठेवून, नाटकातल्या सरदारासारखा वाकून शब्द दिला.

तीन आठवडे खपलो. डाव्या बाजूचे फोटो ढिगाने मिळाले. प्रवासी डावीकडून चढतात, काचेआडून हौशी लोक फोटो काढतात तेही डावीकडूनच. उजवीचा एकही धड फोटो मिळेना. मग मी डावी बाजूच उलटी करून उजवीवर चिकटवली, उलटी झालेली अक्षरं सुलटी केली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन चहा प्यायलो. चाचांना विचारायला काय झालं होतं? पण भेट द्यायची आणि वर त्यांनाच माहिती विचारायची, हे मला कमीपणाचं वाटलं.

रविवारी सकाळी चाचा-चाची आले. चाचींनी सांदणांचा डबा आणला होता. दोघं माझ्या मागे स्टुलांवर बसली, आमची ही दारात उभी राहिली आणि मी आत अडकलो. धावपट्टीवर विमान उभं केलं. शेपटीवरचं चिन्ह दिसताच चाचांनी टाळी वाजवली.

"हेच! अगदी हेच!"

"चांगलं मोठं आहे हो," चाची म्हणाल्या. "आणि यात तुम्ही कुठे?"

"थांब ना. भाऊ, आता पलीकडून घ्या. सामानाची दारं पलीकडे असतात. प्रवासी इकडून, आम्ही तिकडून."

विमानाच्या भाषेत सांगायचं तर, माझ्या हुशारीने वेगाने उंची गमावली.

"पलीकडे फार ऊन आहे," मी म्हणालो.

"ऊन तर होतंच!"

"इंजिन चालू आहे, चाचा. जवळ जाणं धोक्याचं."

"मग बंद करा ना! इंजिन बंद झाल्याशिवाय आम्ही जातच नव्हतो."

मी आणखी सबब शोधत होतो, तेवढ्यात आमची ही मदतीला धावली. "अहो, असं काय करता? हे बटण दाबलं की फिरतं ना?" असं म्हणत तिने दोघांच्या मधून वाकून माझ्या खांद्यावरून हात घातला आणि दाबलं.

विमान सावकाश वळलं. नाकापासून शेपटीपर्यंत निळा पट्टा, खाली गुळगुळीत पांढरं पोट. चाचा पुढे वाकले. त्यांचं बोट पडद्यावर एका जागी टेकलं आणि तिथेच राहिलं.

"इथंच होतं."

"कुठाय?" चाचींनी चष्मा पुसून पाहिलं. "दारच नाही, तर सामान काय खिडकीतून टाकत होतात?"

पळायला दोन वाटा होत्या. एक चाचा-चाचींच्या मधून, दुसरी तिसऱ्या मजल्यावरून खाली. म्हणून मी खरं बोललो. "चाची, चूक माझी आहे. ही बाजू मी मनानेच रंगवली."

"तुम्ही गप बसा हो भाऊ, यांची बाजू घेऊ नका."

खरं बोलूनही सुटका नाही, असा प्रसंग माझ्यावर प्रथमच आला. मी वळूसुद्धा शकत नव्हतो. जे पाहिलं ते मान मोडेस्तोवर मागे वळवून.

चाचा स्टूल सारून उठले आणि गॅलरीच्या फरशीवर चक्क गुडघे टेकून बसले.

"हे बघ. दार इथं, वरच्या बाजूला उघडायचं. आत उंची एवढीच." त्यांनी हात स्वतःच्या डोक्यावर धरला. "उभं राहताच येत नाही. गुडघ्यांवर चालायचं." सांदणांचा डबा त्यांनी बॅगेसारखा ओढला. "अशी घ्यायची, अशी मागे ढकलायची. एका विमानात दोनशे-अडीचशे. पत्र्याला हात लागला की चटका. आत नुसती भट्टी! शर्ट काढून पिळायचा, परत घालायचा, की पुढचं विमान हजर."

डबा ढकलत ते भिंतीपर्यंत गेले आणि धापा टाकत, जिंकल्यासारखे हसत वळले. दार सिद्ध झालं होतं.

चाची हसत नव्हत्या. त्या फरशीवर टेकलेल्या त्या गुडघ्यांकडे बघत होत्या. मग एकदम ओरडल्या,

"आणि मला फोनवर सांगत होतात, एसीत बसून काम आहे म्हणून!"