यकृताला सासू म्हणणाऱ्या बाई

प्रा. नलिनीताई दातार यांना साठ वर्षं पूर्ण झाली, त्या कॉलेजातून निवृत्त होत आहेत, तर गौरवग्रंथात तुमचेही चार शब्द हवेत, असा निरोप आला. मला अक्षरओळख नाही. मी सांगते, नात मयूरी लिहिते. मी अठ्ठ्याहत्तरची. वयाने ताई माझ्या लेकीसारख्या, पण विद्येने मोठ्या, तेव्हा अहो-जाहोच करणार.

आमची ओळख झाली मला चक्कर आली त्यामुळे. आम्ही मोहन्याला राहतो. चार वर्षांपूर्वी माझे पाय सुजू लागले, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची, आणि एकदा मी स्वयंपाकघरातच कोसळले. माझा मुलगा संजय म्हणाला, "आई, आजपासून गोळ्यांचा डबा माझ्या कपाटात. मी देईन तेव्हाच घ्यायची." ज्याला नाक दाबून मी काढे पाजले, तो आता मला औषध देणार! पडण्यापेक्षा ते जास्त लागलं. मयूरी तेव्हा ठाण्याला औषधशास्त्र शिकत होती. तिने आपल्या बाईंना सांगितलं, आणि त्या ठाण्यातल्या वर्तकनगरहून रिक्षा, लोकल, परत रिक्षा करत आमच्या दारात हजर.

आल्या त्या जमिनीवरच बसल्या आणि डबा पालथा केला. "आजी, ही गुलाबी कशाची?"

"प्रेशरची."

"आणि ही पांढरी?"

"ती नवीन. डॉक्टरांनी वाढवलेली दिसते. मी दोन्ही घेते."

ताईंनी पाकिटं उलटीपालटी करून पाहिली. "आजी, दोन्ही एकच औषध आहे. दुकानातून दुसऱ्या कंपनीचं आलं, म्हणून रंग बदलला. तुम्ही दुप्पट घेत होतात." तिथूनच त्यांनी आमच्या डॉक्टरांना फोन लावला.

संजयला आयतंच सापडलं. "बघा मॅडम, वाचता येत नाही म्हणून तर—"

"संजयराव, तुम्हाला वाचता येतं ना? तुम्ही पाहिली होतीत ही पाकिटं?"

संजय पंख्याकडे बघायला लागला. ताई म्हणाल्या, "मला एक महिना द्या. मी यांना शिकवते. नाही जमलं तर डबा तुमचा."

मग दर रविवारी आमच्या ओट्यावर शाळा. शेजारच्या चार म्हाताऱ्याही येऊन बसायच्या. अंगणातली पाण्याची रबरी नळी चिमटीत दाबून ताई दाखवायच्या, की रक्तवाहिनी आवळली की प्रेशर कसं चढतं, मग चिमूट सैल करून म्हणायच्या, "गोळी एवढंच करते." दुप्पट घेतल्यावर मला अंधारी का येत होती, ते तेव्हा उमगलं. एकदा म्हणाल्या, "गिळलेली गोळी आतड्यातून आधी यकृताकडे जाते. ते तिची बरीच काटछाट करतं, उरेल ती अंगभर फिरते."

मी म्हटलं, "म्हणजे आमच्या सासूबाई! बाजारातून काहीही येवो, आधी त्यांच्या हाती. उरलंसुरलं आम्हाला."

ताई पोट धरून हसल्या. आता म्हणे कॉलेजातल्या वर्गात त्या यकृताला सासूच म्हणतात, आणि हे कोणी शिकवलं तेही सांगतात. माझ्या नावाने!

शेजारच्या ताराबाईंनी गुडघ्याच्या एका पुडीबद्दल विचारलं, तेव्हा एवढ्या शिकलेल्या बाई सरळ म्हणाल्या, "मला माहीत नाही." पुढच्या रविवारी सगळं विचारून आल्या आणि ती पुडी बंद करवली. 'माहीत नाही' म्हणायची ही हिंमत आमच्या घरात कोणातच नाही. मात्र एक खोड सांगतेच. दुसऱ्याच्या पोटाचं दोन-दोन तास शिकवतील आणि स्वतः सकाळपासून उपाशी! मी भाकरी पुढे केली की म्हणायच्या, "आजी, नंतर." मी म्हणायचे, "अहो, आमचं पोट शिकलं, तुमचं कधी शिकणार?"

महिन्याने परीक्षा झाली, संजयच्या देखत. ताईंनी सगळी पाकिटं मिसळली आणि गुपचूप एक हिरवी गोळी घातली. मी एकेक उचलून सांगत गेले, कोणती कधी आणि कशासाठी. हिरवी बाजूला ठेवली. "हिचा रंग नवा. कुणी वाचून, समजावून सांगेपर्यंत गिळणार नाही." ताईंनी डबा उचलून माझ्या मांडीवर ठेवला. एवढा मान मला लग्नातही मिळाला नव्हता.

ताई, तुमचं हृदय, यकृत, मूत्रपिंडं तुमच्या विद्यार्थ्यांपेक्षा आज्ञाधारक राहोत आणि शंभरी ओलांडून तुम्ही आम्हा अडाण्यांना शिकवत राहा. तुमची शिकवण वाया गेलेली नाही. गेल्या महिन्यात संजयला शुगरची गोळी सुरू झाली. पाकीट हातात घेऊन तो माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आई, ही जेवणाआधी की नंतर?"