काकांचं कोरडं बेट

जगात बेटं पुष्कळ असतील, पण पाण्याचा थेंब नसताना बेट चालवून दाखवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. शिरूर कासारजवळच्या त्यांच्या गावात दुष्काळी कामावर पाझर तलाव खोदला, तेव्हा मधलं खडकाळ टेकाड सुरुंगालाही दाद देईना, म्हणून तसंच राहिलं. पुढं पाऊसही तसाच राहिला. कोरड्या ठणठणीत तळ्यात गावाला टेकाड दिसायचं. जन्मभर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या काकांना मात्र बेट दिसलं. समुद्र त्यांनी फक्त नकाशात पाहिलेला. तरी त्यांनी बेटाला चार किनारे दिले, पूर्वेला बंदर नेमलं, बाभळीला कंदील टांगून दीपगृह केलं आणि वर शाळेतली मोडकी खुर्ची नेऊन ठेवली. ते मुख्यालय. "निर्यात सीताफळाची, आयात पिण्याच्या पाण्याची," असं ते अर्थव्यवस्था समजावून सांगत. मावशी चुलीपासून ओरडायची, "आन् ती आयात माझ्या डोक्यावरून हुती, ते बी सांगा की!"

दिवाळीला मी बीडहून गेलो की मला पर्यटक व्हावंच लागे. तळ्याच्या काठावर काका थांबत, चपला हातात घेत आणि धोतर गुडघ्यापर्यंत खोचत. मी तसाच भेगाळलेल्या मातीत उतरलो, तर खवळलेच. "पँट दुमड की बे! इथं गुडघाभर हाय." बांधावर शेरडं राखणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या आणि मी, चांगला नोकरदार माणूस, धुळीतून पाणी कापत निघालेला! लई लाज वाटायची हो.

पण हा नुसता चाळा नव्हता. दिवाळी सरली की मुकादमाचे ट्रक येत आणि ऊसतोडीला कोयते निघत. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. घरांना कुलपं लागत, काकांच्या जुन्या विद्यार्थ्यांची पोरं शाळा सोडून ट्रकात बसत. काका तेवढा एक दिवस बेटावर जात नसत. "पाव्हणे यायला लागले, तर कुणी नाव हाकील, कुणी भाकरी विकील," ते म्हणायचे. "दोन कोयते जरी गावात राह्यले, तरी माझं बेट पावलं."

त्यासाठी त्यांनी बेट पर्यटन सहकारी संस्थेचा अर्ज केला. गावानं चेष्टेचेष्टेत सह्या दिल्या. तालुक्याच्या कचेरीतला कारकून म्हणाला, "गुरुजी, बेटाला पाणी लागतं ना?" काका शांतपणे म्हणाले, "बेट आमी तयार ठिवलंय. पाणी तेवढं सरकारनं द्यावं." अर्ज अजून विचाराधीन असेल.

आणि एका वर्षी तळं चक्क भरलं. काकांचा निरोप आला, "ताबडतोब ये." मी धावत गेलो. चहूबाजूंनी पाणी, मधे खरंखुरं बेट, आणि मुख्यालयाच्या खुर्चीवर एक बगळा! गावात नाव नव्हती. काकांना पोहता येत नव्हतं, मलाही नाही. आम्ही दोघं काठावर उभे. मला त्यांचं वाईट वाटलं. म्हटलं, "काका, आता हो कसं जायचं?"

"जाताच येत न्हाई!" काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "आरं, पाणी हाय म्हणून जाता येत न्हाई! कळतंय का तुला?"

पर्यटक काही आले नाहीत. पण विहिरींना पाणी उतरलं, ज्वारी पेरली गेली आणि मुकादमाच्या ट्रकात पाच कोयते कमी बसले. ट्रक हलला, तेव्हा काका काठावरच बसून होते.

आता काका नाहीत. परवा मावशीला भेटायला गेलो, तर तळं पुन्हा आटलेलं. बेटावर खुर्ची दिसली, एक पाय नसलेली. वाटलं, जाऊन सरळ करून यावी. बांधावरच्या बाया हसायला लागल्या तेव्हा माझ्या ध्यानात आलं, चपला माझ्या हातात होत्या आणि पँट मी गुडघ्यापर्यंत दुमडलेली होती.